न धुतलेला स्वेटर

काम साधं होतं. धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं एका घरी पोचवायचं आणि परत यायचं. स्कूटरवरून जाऊन-येऊन फार तर पाऊण तास. रात्र जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारची, गेल्याच वर्षीच्या. आजोबा-पणजोबांच्या काळातलं काही सांगत नाहीये मी. आणि ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा दोस्त आहे. या जिन्याखाली ज्याची लाँड्री आहे, तोच. आम्ही बरोबरीचे लोक त्याला कडक म्हणतो, त्याच्या इस्त्रीवरून. माणूस तसा अगदी मऊ.

धाकट्या, तो मोबाइल पालथा ठेव. उजेड डोळ्यांत जातोय. आणि तू काय हसतोयस रे? भुतंबितं नसतात? नसू देत. मला काय ती पाळायची आहेत? तू नुसता ऐक.

आधी कडकच्या नाकाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तुम्हाला वाटतं लाँड्रीत इस्त्री महत्त्वाची. कडक म्हणायचा, इस्त्री कुणीही फिरवेल, कपडा स्वच्छ झालाय की नाही ते नाक सांगतं. कपडा वाळला की तो आधी कॉलर नाकाशी धरायचा, मग काख, आणि मगच घडी. घाम, औषध, तळणीचा धूर, सगळं ओळखायचा. एकदा एका बाईंसमोर बोलून गेला, 'साहेबांनी परत सिगारेट धरलेली दिसतेय.' त्या घरात आठवडाभर अबोला होता. साहेबांनी त्यानंतर लाँड्रीच बदलली.

मग तो ताप आला. घरोघरी आला होता, तुम्हालाही आठवत असेल. कडकला आला, वहिनींनाही आला. कडक घरीच पडून होता. वहिनींना हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि त्या परत आल्या नाहीत. कुणाला भेटूही दिलं नाही. कडकचा ताप उतरला, उभं राहायची ताकद आली, तेव्हा तो भिंत धरत धरत दारामागच्या खुंटीपाशी गेला. तिथे वहिनींचा घरात घालायचा स्वेटर होता. कोपरांवर विरलेला. त्याने तो तोंडाशी घट्ट धरला. काही नाही. नुसती लोकर. त्याला वाटलं, ती गेली तसा तिचा वासही गेला. लेकीला म्हणाला, बघ गं जरा. लेकीने स्वेटर नाकाशी नेला आणि तिला रडूच फुटलं. 'बाबा, अख्खी आई आहे यात.'

तेव्हा त्याला कळलं की गेलंय ते आपलं नाक.

जिभेचीही तीच तऱ्हा. चहा म्हणजे गरम पाणी. माझ्यासमोर एकदा साखर समजून मीठ घातलं आणि अख्खा कप पिऊन मोकळा झाला. मी हसलो. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

डॉक्टरांनी चार बाटल्या करायला सांगितल्या होत्या. लिंबाची साल, लवंग, कॉफी, निलगिरीचं तेल. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि डोळे मिटून आठवायचं, लिंबू कसं असतं, लवंग कशी असते. बरं, येईल कधी नाक? तर म्हणे सहा महिन्यांत येईल, वर्षाने येईल, कुणाकुणाचं येतच नाही. कडक दुकानाच्या पायरीवर बाटल्या घेऊन बसायचा. मला म्हणायचा, 'मला लिंबूबिंबू काही नको रे. एकदा फक्त तो स्वेटर. एकदाच. मग कायमचं गेलं तरी चालेल.'

पण वास काही त्याच्यासाठी थांबून राहणार नव्हता. कपड्यातून वास कसा उडतो हे लाँड्रीवाल्याला कुणी सांगायला नको. म्हणून त्याने स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि दुकानातल्या मशीनने पिशवीचं तोंड चिकटवून टाकलं. मुंगी शिरणार नाही असं. दोन-तीन महिन्यांनी लेकीला बोलावायचा, पिशवीची कड कापायचा, ती झटकन हुंगायची आणि हा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचा. 'आहे बाबा,' ती म्हणायची. हा लगेच पिशवी पुन्हा चिकटवायचा. दर वेळी पिशवी बोटभर आखूड व्हायची. शेवटच्या वेळी ती 'आहे' म्हणाली खरी, पण जरा थांबून म्हणाली. त्या दिवशी कडकला घास गेला नाही.

धंद्यातही घोळ सुरू झाला. वास निघाला की नाही हे कळेना. मग भीतीपोटी हा प्रत्येक कपडा तीन-तीनदा धुवायला लागला, वर बचकभर सुगंधी पाणी. रंग उडाले, गिऱ्हाइकं कुरकुरली. तरी एकदा धुऊन द्यायची त्याची छाती होईना.

आता त्या कामाकडे येतो.

चौकात घड्याळं दुरुस्त करणारे काका बसायचे. डोळ्याला भिंग लावून, मान खाली. ते वारले. त्यांच्या सुनेने त्यांचे होते नव्हते तेवढे कपडे कडककडे आणून टाकले. धुऊन गरजूंना द्यायचे होते. शेवटी शेवटी काका अंथरुणालाच होते, कपड्यांना औषधांचा, मालिशच्या तेलाचा वास. ती म्हणाली, 'दादा, कुणाला शंकासुद्धा यायला नको, असे धुवा.' कडकने आपल्या हिशेबाने तीनदा धुतले. शनिवारी रात्री दुकान बंद करायच्या वेळी तिचा फोन, कपडे नेणारी गाडी सकाळी लवकरच येतेय, आजच आणून द्याल का? कडक म्हणाला, देतो की.

त्याने गाठोडं स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधलं आणि निघाला. काकांचं घर गावाबाहेर, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. थंडी अशी की रस्त्यावर चिटपाखरू नाही.

नाल्यावरचा छोटा पूल ओलांडला आणि स्कूटर मागून दबली. कुणी बसल्यावर दबते तशी. त्याला वाटलं, चाकातली हवा गेली. उतरला, चाक दाबून बघितलं. टणक. पुन्हा निघाला. तसंच जड.

पुलापुढच्या वळणावर कुत्री असतात. रोज अंगावर धावून येतात, तुम्हीही पाय वर घेतले असतील तिथे. त्या रात्री ती नुसती उठून उभी राहिली. मग एकेक करून रस्ता सोडून शेतात उतरली. भुंकलं एकही नाही.

फाटक बंद होतं. आगगाडी यायची होती. शेजारी चहाच्या टपरीवरची बाई आवराआवर करत होती. कडकला बघून, शेवटचा कप घेता का म्हणून विचारायला दोन पावलं पुढे आली. आणि थबकली. हात नाकावर.

'दादा... काय आणलंय गाडीवर?'

'कपडे आहेत ताई. धुतलेले.'

'काहीतरी मेलंय हो त्यात.'

कडक हसला. म्हणाला, 'अहो, तीनदा धुतलेत. अत्तराचं पाणी घातलंय वर.'

बाई त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या मागे बघत होती. मागे सरली, टपरीत गेली आणि आतून फळी ओढून घेतली.

आता कडकची अवस्था बघा. काहीतरी मेलंय म्हणे. आपल्या गाडीवर. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? हुंगून बघितलं असतं. त्यानेही हुंगलं. काही नाही. पुन्हा जोरात ओढून हुंगलं. काही नाही. नाकाच्या जागी भिंत.

आणि मग मागून आवाज आला. हुंगण्याचा.

त्याच्या पाठीमागे. अगदी जवळ. गाठोड्यावर नाक लावून कुणीतरी हुंगत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. थांबत. पुन्हा. अधाशासारखं.

गाडी आली. डबेच्या डबे धडधडत गेले. त्या आवाजात काही ऐकू येईना, आणि कडकला वाटलं, ही गाडी संपूच नये. संपली. फाटक वर गेलं. तो हलला नाही. हलवेना.

मागून कुणीतरी बोललं, 'यात मी नाही.'

आवाज ओळखीचा होता. मान न उचलता, हातातल्या कामाशीच बोलावं तसा. कडकने त्यांच्याकडून किती वेळा घड्याळ दुरुस्त करून घेतलं होतं.

'काका...?'

'यात मी कुठेच नाही रे. एवढं का धुतलंस?'

'नाक गेलंय हो माझं... कळत नाही मला...'



'तिकडून काही दिसत नाही,' मागचा आवाज म्हणाला. 'दार नाही, दिवा नाही. माणूस वासावर येतो. आपल्याच. मी रोज येत होतो, खिडकीपर्यंत... हे कपडे नेलेस तेव्हापासून घर सापडत नाही.'

बघा, एखादा गाडी टाकून पळाला असता. कडकही पळाला असता. पण त्याला एकदम घरातली पिशवी आठवली. त्याने मागे वळून बघितलं नाही. हँडल घट्ट धरलं आणि विचारलं, 'काका, माझी बायको...?'

मागे पुन्हा हुंगणं सुरू झालं.

'काका, तिचा स्वेटर आहे माझ्याकडे. धुतला नाही. शपथ घेऊन सांगतो, पाण्याला लावला नाही.'

'कुठे ठेवलायस?'

'प्लास्टिकमध्ये... तोंड चिकटवून. वास जाऊ नये म्हणून.'

मागे श्वास थांबला. हुंगणंही थांबलं.

'मग ती कशावर येईल?'

एवढंच. स्कूटर मागून वर उचलली गेली. गाडी हलकी झाली.

कडक त्या घरी कसा पोचला ते त्याचं त्याला ठाऊक नाही. सुनेने दार उघडलं, गाठोडं हातात घेतलं आणि खूश होऊन म्हणाली, 'किती छान वास येतोय हो!' कडकने विचारलं, 'काकांचं न धुतलेलं काही आहे का घरात? काहीही. रुमाल, उशीचा अभ्रा, टोपी...' ती त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, 'सगळं तुम्हालाच दिलं. गादी-उशी टाकून दिली. का हो, काय झालं?' तिला काय सांगणार होता तो? तिचं काही चुकलं नव्हतं. कुठलीही सून तेच करेल.

परत येताना फाटकाच्या अलीकडे, हेडलाइटच्या उजेडात त्याला ते दिसले. रस्त्याच्या कडेने चालत होते. मान वर. चेहरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, वारा चाचपत असल्यासारखा. घराकडे पाठ करून चालले होते. कडकने हाक मारली, 'काका, मागे! घर मागे राहिलं!' ते वळले नाहीत. हाकेचा काही उपयोग नव्हता. उजेडातून बाहेर गेले... आणि मग नुसता रस्ता.

पोरांनो, भूत बघून माणूस घाबरतो हे खरं. पण कडक मला म्हणाला, 'मी घाबरलो नाही रे. मला फक्त तीच दिसली. अशीच. मान वर करून. कुठल्या तरी रस्त्यावर. इतके दिवस.'

तो घरी आला. घर दुकानाच्या मागेच. पिशवी कपाटातून काढली. कात्री घेतली. आणि तिथे त्याचा हात अडला.

कारण वास किती उरलाय हे त्याला माहीत होतं. लेक कशी थांबली होती, ते तो विसरला नव्हता. एकदा पिशवी पूर्ण उघडली की सकाळपर्यंत सगळं संपणार. मग उद्या नाक आलं, परवा आलं, तरी हुंगायला काय राहणार? लोकर. ज्या एका श्वासासाठी तो रोज त्या बाटल्या नाकाला लावत होता, तोच श्वास हाताने सोडून द्यायचा. आणि कशासाठी? एका मेलेल्या माणसाच्या बोलण्यावर. की थंडीत आपल्याच डोक्यात काही फिरलं, त्यावर? तो पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि मोठ्याने रडला. 'एकदा तरी येऊ दे मला तुझा वास, मग उघडतो. एकदा तरी.' असं त्या पिशवीला म्हणत होता. बोलून थकला. मग त्याने पिशवी कापली. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

स्वेटर झटकला, दुकानाचं शटर पूर्ण वर केलं आणि रस्त्याकडे तोंड करून मधल्या दांडीवर हँगरला लावला. घरातले दिवे सगळे लावले. मग त्याने तोंड धुतलं, अंगावरचा घामेजला शर्ट काढला आणि स्वतःचा एक धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट चढवला. ती येणार म्हणून. खुर्ची टाकून दाराकडे बघत बसला.

वाऱ्याने स्वेटरच्या बाह्या हलत होत्या.

एक वाजला असेल. काही नाही. दोन... काही नाही. तो बोलत राहिला. लेकीचं सांगितलं, धंद्याचं सांगितलं, चहात मीठ घातल्याचं सांगितलं. पाऊल वाजलं नाही. सावली पडली नाही. दिवा साधा मिणमिणलासुद्धा नाही. त्याने डोळ्याला डोळा लागू दिला नाही, दारावरची नजर काढली नाही. उजाडलं. रस्त्यावर दूधवाला आला.

कोणी आलं नव्हतं.

मी खाली उतरलो तेव्हा शटर सताड उघडं. आत हा, थंडीने काकडलेला, ओठ निळे पडलेले. मला बघून म्हणाला, 'घालवलं रे मी. तिचं होतं तेवढंही घालवलं.' मग त्याने मला हे सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तसंच, अधूनमधून थांबत. मी त्याला वेड्यात काढलं नाही. पण खरं सांगू? मनातून मला वाटलं, गेला हा माणूस कामातून.

रविवार होता. रविवारी लेक येतेच. ती आत आली, दांडीवरचा स्वेटर बघितला आणि तिचा चेहराच उतरला. 'बाबा, हे काय केलंत?' धावत जाऊन तिने त्यात तोंड खुपसलं. इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं, काखा उलट्या करून हुंगल्या. मग हात खाली सोडले.

'गेला,' ती म्हणाली. 'काही नाही आता यात.'

कडकने मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा होता. लेकीला राग आला होता, तो मला दिसत होता. पण बापाची ती दशा बघून तिला राहवलं नाही. पुढे झाली आणि तिने त्याला मिठी मारली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आणि ती तशीच राहिली.

 मला वाटलं, रडतेय. रडत नव्हती. श्वास घेत होती. एक. मग आणखी एक, लांब.

'बाबा... तुम्ही रात्री स्वेटर अंगात घातला होतात?'

'नाही गं. तो तिथेच होता.'

'खांद्यावर टाकला होतात?'

'हात लावला नाही मी त्याला, लटकवल्यापासून.'

ती सावकाश मागे झाली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'काका, तुम्ही बघा.' मी वाकलो. उजव्या खांद्यावर, कॉलरच्या जरा मागे. खुर्चीमागून वाकून कुणी हनुवटी टेकवली, तर टेकेल बरोबर त्या जागी. वहिनी शेजारी राहायच्या रे आमच्या, किती वर्षं. वास त्यांचाच. अंगाचा साबण, उन्हातले कपडे, आणि आणखी काहीतरी ज्याला नाव नाही... उडत चाललेला नव्हे. विरलेला नव्हे. आत्ता उठून गेल्यासारखा. त्या तीनदा धुतलेल्या शर्टावर, तळहाताएवढ्या जागेत. बाकी सगळा शर्ट कोरा.

लेक म्हणाली, 'बाबा, आई...' आणि त्याच्या खांद्याकडे बोट दाखवलं.

कडकने मान वळवून नाक खांद्याकडे नेलं. पोचेना. त्याने शर्ट ओढला, बटणं तुटून फरशीवर गेली. त्या थंडीत उघडा झाला आणि शर्ट दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला.

'कुठे?' तो म्हणाला. 'कुठे गं? बोट ठेव. नीट ठेव.'

लेकीने त्या जागेवर बोट ठेवलं. त्याने तिथे नाक लावलं, तिचं बोट बाजूला सरकवून. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत उभे होतो. तो श्वास घेत राहिला.